सदाफुलीच्या पानापासून परळपर्यंत

सदाफुली ओळखत नाही असा माणूस आपल्याकडे क्वचितच सापडेल. पांढरी किंवा जांभळट गुलाबी, पाच पाकळ्यांची फुले. खत लागत नाही, पाणी घालायला विसरलो तरी रुसत नाही, आणि चवीला इतकी कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. अंगणात, गटाराच्या कडेला, मशिदीच्या भिंतीला लागून, आमच्या गावच्या कब्रस्तानात, कुठेही ती उगवते. आमच्या घरात तिला सदाबहार म्हणतात. मोहल्ल्यातले साखरेचे पेशंट सकाळी फिरून येताना चार पाने तोडून चावतात. एवढीच तिची आणि माझी ओळख होती. मी हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवते, तरी फुलाचे भाग दाखवायला मी जास्वंदच घेत आले.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला. घरात त्याला सगळे मुन्ना म्हणतात. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तीन आठवडे ताप उतरेना, नडग्यांवर निळे डाग दिसू लागले, आणि खेळता खेळता तो मध्येच जमिनीवर बसायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, रिपोर्ट पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईला जायला सांगितले. परळच्या टाटा हॉस्पिटलात निदान झाले. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. हाडांच्या मगजात रक्त तयार होते. तिथे पांढऱ्या पेशींची कच्ची पिल्ले बेसुमार वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही.

माझा मेहुणा टेम्पो चालवतो. टेम्पो भावाच्या हवाली करून तो बायको-मुलासह दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहू लागला. तिथे राज्याच्या सगळ्या जिल्ह्यांतली आणि राज्याबाहेरचीही माणसे भेटतात. सगळ्यांचे दुखणे एकच असल्यामुळे ओळख व्हायला वेळ लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री त्याचा मला फोन आला.

"आपा, तुम्ही सायन्स शिकवता म्हणून विचारतो. मुन्नाला दर आठवड्याला जे इंजेक्शन देतात ना, व्हिन्क्रिस्टिन, ते म्हणे सदाबहारपासून बनतं. खरं आहे का?"

"खरं आहे."

"मग आपल्या दारात ती झाडं आहेत की. पोराला सुया कशाला टोचायच्या? रोज काढा करून दिला तर?"

हा प्रश्न ऐकून हसणारे पुष्कळ असतील. मला हसू आले नाही. सुई पाहून मूल किंचाळते तेव्हा त्याचे हात धरून ठेवायचे काम बापाला करावे लागते. शिवाय प्रश्नात तर्काची चूक नव्हती. औषध जर पानातच असेल, तर पान का चालू नये? याचे उत्तर "डॉक्टर नको म्हणतात म्हणून" असे देणे मला पटेना. मी त्याला दोन दिवस मागितले आणि वाचायला बसले.

गोष्ट सुरू होते 1952 साली. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर लोक सदाफुलीच्या पानांचा चहा साखरेच्या आजारावर घेत. सदाफुलीचे मूळ गाव मादागास्कर, पण तोवर ती जगभर पसरली होती. जमैकातल्या एका डॉक्टरांनी ही पाने पाकिटात घालून कॅनडात पाठवली. ती पोहोचली वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातले संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे. त्यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखरेवर काहीच परिणाम झाला नाही. मग अर्क टोचून पाहिला. साखर तरीही उतरली नाही, मात्र आठवडाभरात उंदीर मरू लागले.

इथे कुणी दुसरा असता तर वही मिटून मोकळा झाला असता. नोबल यांनी मेलेले उंदीर तपासले. त्यांच्या अंगात ठिकठिकाणी पू झाला होता. एरवी निरोगी उंदराला ज्या जंतूंचे काही वाटत नाही, त्यांनीच त्यांना मारले होते. कारण शोधले तेव्हा दिसले की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या आणि हाडांचा मगज सुकला होता. म्हणजे पानात असे काहीतरी होते जे पांढऱ्या पेशींची वाढ थांबवते. साखरेसाठी ते निरुपयोगी होते. पण ज्या आजारात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, त्या आजारात? नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी तो पदार्थ वेगळा केला आणि 1958 साली जगापुढे ठेवला. ते व्हिनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एली लिली कंपनीचे संशोधकही याच झाडावर काम करत होते. त्यांना याच पानात त्याचे जुळे भावंड सापडले, व्हिन्क्रिस्टिन. 1963 साली अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले आणि मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचारात ते आजही पहिल्या आठवड्यापासून असते.

मी हे सारे मेहुण्याला फोनवर सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपा, ते विष आहे?"

"हो, विषच आहे. मापात आणि योग्य वाटेने दिलं तर औषध."

ते माप किती बारीक आहे हे ऐकण्यासारखे आहे. एका वेळी मोठ्या माणसालाही सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर व्हिन्क्रिस्टिन देत नाहीत. चिमूटभर मिठाच्या तुलनेतसुद्धा हे काहीच नाही. मुलाची उंची आणि वजन घेऊन त्याचा डोस काढतात. उलट एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. त्या पानांत शंभराहून जास्त वेगवेगळे अल्कलॉइड असतात. काही रक्तदाबावर परिणाम करतात, तर काहींचा उपयोग काहीच नाही. व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन यांच्या रचनेत एका जागेचा फरक आहे. तेवढ्या फरकाने एक औषध एका कॅन्सरला लागू पडते, दुसरे दुसऱ्याला. काढ्याच्या भांड्यात यातले काय किती उतरले हे कोण सांगणार? आणि हे औषध तोंडाने घेऊन भागत नाही, ते शिरेतूनच द्यावे लागते. तेच चुकून मणक्यातल्या पाण्यात गेले तर जीव घेते. म्हणून वॉर्डात दोन सिस्टर नाव, डोस आणि सिरिंज मोठ्याने वाचून एकमेकींकडून तपासून घेतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे गेले तेव्हा हे स्वतः पाहिले.

पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, तेव्हा तिच्या आत सुतासारखे बारीक तंतू ताणले जातात आणि ते गुणसूत्रांची वाटणी करतात. व्हिन्क्रिस्टिन त्या तंतूंची बांधणी होऊ देत नाही. वाटणी अर्धवट राहते आणि पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी सतत दुभंगत असतात म्हणून मार त्यांना जास्त बसतो. पण हेच तंतू आपल्या नसांनाही लागतात. म्हणून दुसऱ्या महिन्यात मुन्नाची पावले नीट उचलेनात, जिन्यावर तो अडखळू लागला, पोट साफ होईना. डॉक्टरांनी त्याला टाचांवर चालायला लावले, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली आणि पुढचा डोस कमी केला. मेहुणा शेजारीच उभा होता. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "काढ्याचा डोस असा कमी कुणी केला असता?" त्यानंतर त्याने काढ्याचा विषय काढला नाही.

गावाकडे मात्र विषय संपला नव्हता. बहिणीचे सासरे, ज्यांना सगळे बडे अब्बा म्हणतात, फार मायाळू माणूस. नातवासाठी रात्र रात्र जागून दुआ करणारे. त्यांनी सदाफुलीची पाने, गुळवेल आणि कुणीतरी दिलेली एक पुडी एकत्र उकळून बाटली भरली आणि मुंबईला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर एसटीने पाठवली. बाटली धर्मशाळेत पोहोचली त्या आठवड्यात मुन्नाच्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेल्या होत्या. बहिणीने बाटली खिडकीत ठेवली आणि मला फोन केला. "आपा, देऊ की नको? नाही दिली तर बडे अब्बा दुखावतील. दिली तर मला भीती वाटते."

मी म्हटले, "तू काही ठरवू नकोस. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या टेबलावर ठेव."

तिने तसेच केले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी बहिणीला खुर्ची दिली आणि विचारले, "यात काय काय आहे?" तिला दोन पदार्थ सांगता आले, पुडीबद्दल नाही. डॉक्टर म्हणाल्या, "मलाही सांगता येणार नाही, म्हणून नको. यातल्या एखाद्या पदार्थाने आमच्या औषधाची ताकद वाढली तर त्याच्या नसा जातील, कमी झाली तर आजार परत येईल. आणि तीन दिवस प्रवास केलेल्या बाटलीत जंतू किती वाढले असतील? या आठवड्यात मला त्याच्या कॅन्सरपेक्षा जंतूंची भीती जास्त वाटते."

तिसऱ्या दिवशी रात्री दोन वाजता मुन्नाला ताप भरला. थर्मामीटर 101 दाखवत होता. पहिल्याच दिवशी त्यांना बजावून सांगितले होते की 100.4 च्या वर ताप गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, घरातली तापाची गोळी द्यायची नाही, सरळ निघायचे. ते टॅक्सीने निघाले. तासाभरात सलाईनमधून प्रतिजैविके सुरू झाली. पाच दिवस मुन्ना त्या खाटेवर होता. सहाव्या दिवशी त्याने खिमा-पाव मागितला, तेव्हा बहीण रडली. ती म्हणते, आजारपणात ती मोठ्याने रडली ती तेवढ्या एका वेळी.

नोबल यांचे उंदीर मेले होते ते याच कारणाने. औषधाने पांढऱ्या पेशी खाली नेल्या आणि जंतूंना दार उघडे मिळाले. ज्या दोषामुळे त्या पदार्थाचा शोध लागला, तोच दोष त्या रात्री मुन्नाच्या खाटेशी होता. फरक इतकाच की उंदरांसाठी प्रतिजैविके घेऊन कुणी धावले नव्हते. कॅन्सरचे संशोधन आणि संसर्गाचे संशोधन ही दोन वेगळी दालने आहेत असे मला वाटत असे. वॉर्डात ती एकाच खाटेभोवती उभी दिसली. जंतूंनीच दिलेली औषधेही तिथे होती. ॲस्पराजिनेज नावाचे इंजेक्शन ई. कोलाय या जंतूपासून बनवतात. मुले ज्याला लाल औषध म्हणतात ते डाउनोरुबिसिन इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाने दिले. झाड, जंतू, माती, सगळे त्या एका स्टँडवर टांगलेले होते.

बाटली परत गेल्याचे कळल्यावर बडे अब्बा दुखावलेच. मला म्हणाले, "बेटी, आपले हकीम काय अडाणी होते? या इंग्रजी औषधवाल्यांना आपल्या इल्मची कदर नाही."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांना हकीम अजमल खान यांची हकिगत सांगितली. दिल्लीच्या नामांकित हकीम घराण्यातले ते, युनानी वैद्यकाचे केवढे मोठे नाव. तिब्बिया कॉलेज त्यांनीच उभे केले. पण पिढ्यांचा अनुभव आहे म्हणून तपासणी नको, असे ते म्हणाले नाहीत. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले तरुण संशोधक सलीमुझ्झमान सिद्दीकी यांना त्यांनी युनानी औषधींच्या संशोधनाकडे वळवले. सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळावर काम करून 1931 साली त्यातले अल्कलॉइड वेगळे केले. हकीमसाहेब 1927 मध्येच अल्लाहला प्यारे झाले होते. सिद्दीकींनी त्यांच्या आठवणीत एका अल्कलॉइडला नाव दिले अजमलिन. हृदयाच्या ठोक्यांची एक विशिष्ट तक्रार ओळखायला डॉक्टर आजही ते वापरतात. त्याच नावावरून नाव मिळालेले अजमलिसिन सर्पगंधेत आहे आणि आपल्या सदाफुलीच्या मुळांतही आहे.

बडे अब्बांनी विचारले, "म्हणजे सदाबहारमध्ये हकीमसाहेबांचं नाव आहे?"

"आहे. आणि ते नाव लागलं ते तपासणीमुळे."

मला वाटते ही गोष्ट आपल्या घरांत सांगण्यासारखी आहे. जुन्या ज्ञानाचा आदर म्हणजे ते न तपासता पोटात घालणे नव्हे. चीनच्या तू यूयू यांनीही हेच केले. मलेरियावर औषध शोधताना त्यांनी जुने वैद्यक ग्रंथ चाळले. सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात छिंगहाव या वनस्पतीचा उल्लेख होता, आणि ती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळायला सांगितले होते. उष्णतेने गुण जात असावा, हे त्यांच्या ध्यानात आले. 1971 मध्ये कमी तापमानाला काढलेला अर्क उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. पुढच्या वर्षी रुग्णांना देण्याआधी तो त्यांनी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि 2015 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथाने खूण दाखवली, पण त्या खुणेपासून औषधापर्यंत चालत जावे लागले. आणि हेही पाहा, काढा उकळला असता तर हाती काहीच आले नसते.

कलौंजीचे नाव घेतल्याशिवाय आपल्या घरातली ही चर्चा पुरी होत नाही. माझी अम्मीही त्या दिवसांत कलौंजी आणि मधाची डबी घेऊन आली होती. कलौंजीबद्दल आपल्या मनात जो आदर आहे तो हदीसमुळे आहे आणि तो माझ्याही मनात आहे. इलाज करून घ्या ही शिकवणही तिथलीच. शास्त्राच्या बाजूने सांगायचे तर कलौंजीत थायमोक्विनोन नावाचा पदार्थ आहे आणि त्यावर जगभर अभ्यास चालू आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी त्याने मरतात. पण बशीतल्या पेशी मिठाच्या कडक पाण्यानेही मरतात. बशीतून उंदरात, उंदरातून माणसात, तिथे योग्य मात्रा आणि कमीत कमी इजा, असे टप्पे पार करताना बहुतेक पदार्थ गळून पडतात. सदाफुलीचा तो पदार्थ टिकला म्हणून आज बाटलीत आहे. कलौंजीने माणसाचा कॅन्सर बरा होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. अम्मीला मी एवढेच म्हटले, "डबी राहू दे. मुन्ना बरा झाला की लोणच्यात घालू." तिने डबी पिशवीत परत ठेवली आणि तसबीह काढली.

महिनाभराने मगज पुन्हा तपासला. कच्च्या पेशी दिसेनाशा झाल्या होत्या. घरात आनंदीआनंद झाला, आणि खरी कसोटी तिथून सुरू झाली. मुन्नाचे केस गेले होते, गाल सुजले होते, पण तो हसत-खेळत होता. बकरी ईद जवळ आली होती. टेम्पोचे हप्ते थकले होते. गावाहून रोज फोन येत, "पोरगं बरं झालंय, आणा आता." आपल्याकडे अनेक मुलांचे उपचार इथेच सुटतात. श्रीमंत देशांत हा आजार झालेली दहातली नऊ मुले आज बरी होतात. 1960 च्या आसपास दहातले एकही वाचेल याची खात्री नव्हती. आपल्याकडे यश कमी दिसते त्याचे एक मोठे कारण अर्ध्यावर सोडलेला उपचार हे आहे. सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत अशा पेशी उरलेल्या असतात. त्या परत येतात तेव्हा जुन्या औषधांना सहज दाद देत नाहीत. म्हणून पुढे दीड-दोन वर्षे आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, रोजची आणखी एक गोळी आणि ठरावीक दिवशी इंजेक्शन.

"या गोळीचं झाड कुठलं?" मेहुण्याने मला विचारले. आता त्याला प्रत्येक औषधाचे मूळ गाव हवे असे.

या गोळीचे झाड नाही. तिचे मूळ शोधताना मी जिथे पोहोचले ते ठिकाण टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर निघाले. 1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायका रक्त कमी होऊन दगावत होत्या. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत आणि लोह देऊन गुण येत नसे. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केले. कोण काय खाते याची त्यांनी समाजवार नोंद घेतली. सर्वांत निकृष्ट आहार आणि सर्वांत जास्त पांडुरोग गरीब मुसलमान बायकांमध्ये निघाला. विल्स यांनी आधी प्राण्यांवर प्रयोग केले, मग बायकांना मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क दिला. बायकांची तब्येत झपाट्याने सुधारली. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी मिळते ती हीच.

पुढे अमेरिकेत आपल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी या गटातले पदार्थ रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना देऊन पाहिले, तर आजार उलट जोरात वाढला. फार्बर यांनी त्यातून अर्थ काढला. ज्याने कॅन्सर पोसला जातो, तेच तोडले तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे, पण पेशीची फसवणूक करणारे औषध बनवले, अमिनोप्टेरिन. 1948 साली फार्बर यांनी 16 मुलांचे निकाल मांडले. त्यांतल्या 10 मुलांत सुधारणा झाली होती. ती टिकली नाही, पण रक्ताचा कॅन्सर औषधाने मागे हटतो हे जगाने प्रथम पाहिले. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचे भावंड.

म्हणजे गिरणगावच्या चाळीत कोरडी भाकर आणि चहावर दिवस काढणाऱ्या, गरोदरपणात धाप लागणाऱ्या त्या बायकांनी कुणाला तरी आपले रक्त तपासू दिले, आपण काय खातो ते सांगितले. त्यातून जे कळले ते वीस वर्षांनी बॉस्टनच्या मुलांपर्यंत गेले आणि तिथून मुन्नाच्या डबीत आले. इतिहासात डॉक्टरांची नावे राहिली, त्या बायकांची नाही.

मुन्नाचा उपचार अडीच वर्षे चालला. मेहुण्याने भिंतीवर कॅलेंडर लावून मेथोट्रेक्सेटच्या वाराला लाल गोल केले होते. ती गोळी चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते हे त्याने पक्के ध्यानात ठेवले होते. बडे अब्बा स्वतः चष्मा लावून गोळ्या मोजत. आता मुन्ना दहा वर्षांचा आहे. तपासणीला जावे लागते, आणि दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी नीट जेवत नाही. क्रिकेटमध्ये तो धावा कमी काढतो, बाद झालो नाही असे भांडतो जास्त.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा आजार असेल तर एवढे सांगेन. कुणी प्रेमाने काही आणून दिले तर फेकू नका आणि लपवूनही देऊ नका, डॉक्टरांसमोर ठेवा. रागावतील म्हणून घाबरू नका. केमोथेरपीच्या दिवसांत ताप आला तर तो साधा ताप समजू नका. मूल हसू-खेळू लागले म्हणून उपचार सोडू नका. पैशांची अडचण असेल तर गप्प राहून गावी परतू नका. मोठ्या हॉस्पिटलांत त्यासाठी समाजसेवा विभाग असतो, तिथे जाऊन सांगा. आणि शेजाऱ्यांनो, अशा घरात सल्ला घेऊन जाण्याऐवजी जेवणाचा डबा घेऊन जा.

एक गोष्ट सांगायची राहिली. उपचाराच्या मधल्या काळात मगज तपासायची वेळ आली तेव्हा एका कार्यकर्त्या बाईंनी मेहुण्यासमोर कागद ठेवला. तपासणीनंतर जो थोडा नमुना उरेल तो संशोधनासाठी ठेवायला परवानगी द्याल का, नाही म्हटलेत तरी उपचारात काही फरक पडणार नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. मी शेजारीच होते.

"आपा, याचा मुन्नाला काही फायदा?"

"बहुतेक नाही."

"मग कुणाला?"

"ते आज सांगता येत नाही. गिरणगावच्या त्या बायकांनाही कुणी सांगू शकलं नव्हतं."

त्याने कागद पुन्हा एकदा वर-खाली पाहिला. मग खिशातून स्वतःचे पेन काढले आणि विचारले, "सही कुठे करायची?"